पी-प्लस कुणी मारलं?

१

सोमवारी सकाळी शरयूनं लॅबमधल्या ग्रोथ चेंबरचं दार उघडलं आणि ती तिथंच जमिनीवर बसली.

चेंबर म्हणजे फ्रीजएवढं कपाट. आत गारव्याऐवजी नेमून दिलेला उजेड आणि पंचवीस अंशांची ऊब. मधल्या फळीवर तिचे काचेचे सहा फ्लास्क होते. डावीकडचे तीन हिरवेगार. उजवीकडचे तीन पांढरट, पातळ ताकासारखे. आणि त्या तिन्ही पांढऱ्यांवर काळ्या मार्करनं, तिच्याच अक्षरात, ठसठशीत लिहिलेलं होतं: पी-प्लस.

पी म्हणजे प्रोटिएझ. कडक ऊन आणि उष्मा लागला की झाडाच्या किंवा शेवाळाच्या पेशीतली प्रथिनं मोडतात. मोडलेली तशीच साचत गेली तर पेशी त्या कचऱ्यातच मरते. प्रोटिएझ ही पेशीची कातरी: मोडकं कापून बाजूला काढते आणि नव्याला जागा करून देते. शरयूनं साध्या हिरव्या शेवाळात ही कातरी जास्तीची घातली, ते पी-प्लस. ज्याची कातरी काढून टाकली ते पी-शून्य. उष्म्यात पी-शून्य मरतं आणि पी-प्लस तगतं, एवढं एक वाक्य सिद्ध करायला तिनं अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावात पाच हिवाळे घालवले होते.

आणि आता पी-शून्य हसत होतं आणि पी-प्लस मेलं होतं.

राखीव साठा? तो जानेवारीत बुरशी लागून गेला. नवा करू करू म्हणत शरयूनं पुढं ढकललं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

डॉ. केस्लर, तिच्या गाइड, आल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सहाही फ्लास्क एकेक करून पाहिले. मग इंग्रजीत, आवाज न चढवता म्हणाल्या, "शरयू, दुसऱ्या एका लॅबला तुझ्यासारखा निकाल मिळाला नाही, हे तुला माहीत आहे. शुक्रवारी प्रबंधाच्या डिफेन्सच्या वेळी कमिटी तुझं पी-प्लस स्वतः तपासायला नेणार होती. आणि नेमकं तेच मेलं. बाकी सगळं जिवंत आहे."

"मॅम, तुम्हाला असं म्हणायचंय की मी..."

"मला काहीच म्हणायचं नाही. कमिटी काय म्हणेल ते सांगते. तपासायला काही उरू नये म्हणून तूच ते मारलंस, असं म्हणेल. बुधवारपर्यंत मला कारण दे. नाहीतर डिफेन्स रद्द करून मला चौकशीसाठी कळवावं लागेल."

डिग्री नाही तर पिस्कॅटवेच्या कंपनीतली ठरलेली नोकरी नाही. नोकरी नाही तर व्हिसा नाही. आणि खोटारडेपणाचा शिक्का बसला तर कुठल्याच देशात लॅबचं दार उघडणार नाही. कराडला आई गल्लीभर "आमची शरू डॉक्टर होतेय, औषधाची नव्हे, शेवाळाची" असं सांगत सुटली होती. शरयूला ते आठवलं आणि तिला हुंदका आवरेना.

२

गिरिजाताई शेजारच्या मायक्रोस्कोप विभागात होत्या. मूळच्या नागपूरच्या, अमेरिकेत वीस वर्षं काढूनही बोलणं जसंच्या तसं. लोकांची नसती भानगड निस्तरणं हा त्यांचा छंद होता आणि तो त्या कुणी न बोलावताही जोपासत.

"काहून रडून राहिली बाप्पा?" त्या दारातच म्हणाल्या. "काल तर पाडव्याला चार वाट्या श्रीखंड हाणलंस."

काल. काल हे जग किती बरं होतं! शरयू आणि तिच्याच लॅबमधला अंकुर ज्या अपार्टमेंटमध्ये राहत, तिथला हीटर आठवडाभर बंद पडला होता. बाहेर मार्चअखेरचा बर्फ. तरी पाडवा चुकवायचा नाही म्हणून चौघं, म्हणजे शरयू, अंकुर, लॅबमधलाच सौमित्र आणि गिरिजाताई, कोट घालून पंगतीला बसली होती. श्रीखंड अंकुरनं केलेलं. जरा कडवट लागलं तेव्हा गिरिजाताईंनी त्याचे कान धरले होते. "ताजा अननस घातलास ना? अरे, अननसातलं प्रोटिएझ दुधाचं प्रथिन कातरतं, म्हणून कडू होतं. डब्यातला घालायचा, तो उकळलेला असतो. शेवाळावर पीएचडी करतो आणि हे माहीत नाही!" अंकुर लाजून म्हणाला होता, "ते सोडा हो, पण दही कसलं कवडीदार लागलं होतं ते विचारा ना!"

शरयूनं सगळं सांगितलं. गिरिजाताईंनी हातमोजे चढवून चेंबरमध्ये डोकं घातलं. वरच्या फळीवर सौमित्रच्या रोपांच्या ताटल्या होत्या. रोपं माना टाकून पडली होती आणि ताटल्यांच्या झाकणांना आतून पाण्याचे टपोरे थेंब लटकले होते. मग त्यांनी मधल्या फळीच्या जाळीखाली बोट फिरवलं. काहीतरी पांढरं, वाळलेलं त्यांच्या बोटाला लागलं. ते चोळून त्यांनी हुंगलं.

"काय आहे?"

"नंतर." त्यांनी एक पांढरा फ्लास्क उजेडात धरला आणि लेबल निरखलं. "हे तुझंच अक्षर?"

"हो."

"छान आहे. स्वच्छ आहे." गिरिजाताईंनी फ्लास्क जागेवर ठेवला. "शरयू, तुझा हात दाखव."

शरयूनं डावा हात पुढं केला. ती डावखुरी, लिहिताना हात ओल्या शाईवरून सरके, त्यामुळे करंगळीखालची कड कायम काळी असे. गिरिजाताईंनी ती कड पाहिली आणि मान हलवली.

"इथून कुणी काही हलवायचं नाही. कुणी केलं हे मी बुधवारच्या आत सांगते. पण ते ऐकून तुला बरं वाटेल, असं काही मी म्हणत नाही."

३

सौमित्र लॅबमधला पोस्टडॉक, पीएचडी झाल्यावर संशोधनाला आलेला. पुण्याचा, बोलण्यात काटे आणि ते काटे आहेत याचा त्याला अभिमान. प्रोटिएझनं काही होत नाही, खरं काम दुसरीच प्रथिनं करतात, असा त्याचा पेपर छापायला जायच्या बेतात होता. शरयू पडली तर तो वर येणार हे उघड होतं.

"मला माहितीये, तुम्ही माझ्याकडेच आधी येणार," तो खुर्ची फिरवत म्हणाला. "मोटिव्ह आहे ना माझ्याकडे."

"आहेच," गिरिजाताई म्हणाल्या.

"ताई, मी शरयूला पेपरात हरवणार आहे. फ्लास्कात विष घालून जिंकायला मी काय शाळेत आहे का? आणि माझी रोपं? दीड महिना वाढवलेली. ती पण मीच मारली?" त्याचा आवाज चिरकला. त्यालाही रडू येत होतं, हे शरयूच्या तेव्हा लक्षात आलं. "यार शरयू, मला तुझा राग येतो, मान्य. पण इतका नाही."

"चेंबर शेवटचं कधी उघडलंस?"

"गुरुवारी दुपारी. तेव्हा सगळं ओके होतं. मग स्नो यायला लागला आणि सगळे लवकर घरी गेले."

नीला लॅब मॅनेजर. अमेरिकेतच, एडिसनमध्ये वाढलेली, आईवडील ठाण्याचे. चेंबरच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि सांडलवंडीवरून तिचं शरयूशी मागच्याच महिन्यात वाजलेलं.

"मी? नो वे!" नीला म्हणाली. "शुक्रवारी सकाळी मी चेक केलं, डिस्प्लेवर ट्वेंटी-फाइव्ह होतं. आय मीन, मी आत हात पण नाही घातला. ते मशीन इतकं ओल्ड आहे की आधी काय टेंपरेचर होतं ते लक्षात पण ठेवत नाही."

"लेबलं तू लिहितेस का कधी?"

"मी? हाताने? माझी सगळी लेबल्स प्रिंटरवर असतात, गिरिजामावशी. माझं मराठी काय, इंग्लिश पण कोणाला वाचता येत नाही." मग तिला काहीतरी आठवलं. "पण वन थिंग. गुरुवारी सकाळी मी स्पिरिटची बाटली फुल भरली होती, पुसायची. शुक्रवारी एम्प्टी! कोणी एवढं काय पुसलं?"

गिरिजाताई थबकल्या. "आणि चेंबरमध्ये कुणी खायचं-प्यायचं ठेवतं का?"

"चेंबरमध्ये? ग्रॉस! केस्लर मारून टाकेल. तसं कोणी केलं तर लॅबमधून आउट, दॅट्स द रूल."

अंकुर त्या दिवशी दिवसभर शरयूच्या मागंमागं होता. दोन वर्षांनी लहान, सांगलीचा, कुणाचीही पिशवी उचलणारा, कुणालाही स्टेशनवर सोडायला जाणारा मुलगा. त्यानं तिला चहा आणून दिला, डबा आणून दिला. "खा ना गं शरयू. होईल काहीतरी," असं म्हणताना त्याचेच ओठ थरथरत होते. शरयूला वाटलं, या परदेशात आपल्यासाठी इतकं कोण करतं?

४

मंगळवारी दुपारी गिरिजाताईंनी शरयूला चेंबरसमोर उभं केलं.

"विष नाही," त्या म्हणाल्या. "फ्लास्कात विष घातलं असतं तर वरच्या फळीवरची रोपं कशानं मेली? मारणारा कुणाच्या वाट्याला गेलाच नाही. सगळं चेंबरच तापलं. गरम होऊन पुन्हा थंड झालं, म्हणून झाकणांना आतून थेंब. रात्रभर चाळिसाच्या वर होतं म्हण. सकाळी कुणीतरी काटा परत पंचविसावर आणला."

अर्थ हळूहळू शरयूच्या डोक्यात शिरला.

"ताई... म्हणजे सगळ्यांना सारखाच उष्मा लागला. आणि त्यात पी-प्लस मेलं. पी-शून्य जगलं." तिनं पांढऱ्या फ्लास्ककडे बोट केलं. "म्हणजे ती दुसरी लॅबच बरोबर होती. माझी थिअरीच खोटी. पाच वर्षं मी खोटंच..."

कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान काम तरी खरं राहिलं असतं. आता काहीच उरलं नव्हतं. परत जायचं, आईला काय सांगायचं? की तुझी मुलगी पाच वर्षं चुकीचं मोजत होती?

"झालं रडून?" गिरिजाताई म्हणाल्या. "आता वैज्ञानिकासारखा विचार कर. पाच वर्षं, शंभर वेळा, पी-प्लस जगताना तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि आज एकदा ते मेलं. शंभर खोटे आणि एक खरा? की या एकातच काहीतरी गडबड आहे?"

"पण लेबल..."

"लेबलच पाहा ना!" गिरिजाताईंनी फ्लास्क तिच्या नाकासमोर धरला. "तुझ्या टेबलावरच्या बाटल्या बघ. प्रत्येक अक्षर उजवीकडे फरफटलेलं, शेपूट निघालेलं. डावखुऱ्याची शाई. आणि हे? मोत्यासारखं कोरडं, कुठं डाग नाही. हे उजव्या हातानं, तुझ्या अक्षराची नक्कल करून लिहिलंय. सहाही फ्लास्कांवर."

शरयूनं फ्लास्क हातात घेतला. खरंच. इतक्या वेळा पाहिला, आणि दिसलं नव्हतं.

"आणि दुसरं. पी-प्लस तू कुठल्या बाजूला ठेवतेस?"

"डावीकडे. हाताशी येतं ना." ती बोलता बोलता थांबली. तिनं चेंबरमध्ये पाहिलं. डावीकडे तीन फ्लास्क उभे होते. हिरवेगार.

"रडणाऱ्या माणसाला फक्त पांढरं दिसतं," गिरिजाताई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "जा. डावीकडच्या फ्लास्कातला थेंब घे आणि डीएनए तपास. तुझा जास्तीचा जनुक आत असला तर तो काही लेबल वाचून लपणार नाही."

दोन-तीन तास शरयूनं यंत्रासमोर कसे काढले ते तिलाच माहीत. ती देवाला नवस बोलली, मग वैज्ञानिक असून नवस बोलल्याबद्दल तिला लाज वाटली, मग तिनं आणखी एक बोलून घेतला. शेवटी निळ्या उजेडात डीएनए दाखवणारी जेलची चकती ठेवली आणि डावीकडच्या तिन्ही नमुन्यांत जास्तीच्या जनुकाची रेघ चमकली. जाड, स्वच्छ. उजवीकडच्या पांढऱ्यांत काहीच नव्हतं.

पी-प्लस जिवंत होतं. दोन दिवस ती ज्याच्यासाठी रडली, ते तिच्या डाव्या हाताशी उभं होतं.

ती गिरिजाताईंच्या गळ्यात पडली. मग बाजूला होऊन तिनं विचारलं, "पण मग कुणी केलं?"

गिरिजाताईंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जाळीखाली सापडलेला तो पांढरा पापुद्रा.

"हुंग."

शरयूनं हुंगलं. आंबट. ओळखीचं.

"दूध," गिरिजाताई म्हणाल्या. "सौमित्र स्वतःची रोपं मारणार नाही. नीला हातानं लिहीत नाही आणि स्पिरिट संपल्याची तक्रार स्वतःहून करणार नाही. मग मला सांग, या गावात बर्फ पडत असताना, घरातला हीटर बंद असताना, कुणाला रात्रभर चाळिसाच्या वरची ऊब हवी होती? रविवारी आपण कोट घालून काय खाल्लं?"

शरयूच्या तोंडात ते कडवट श्रीखंड पुन्हा आलं. कवडीदार दह्याचं.

५

अंकुर स्वयंपाकघरात कुकर लावत होता. दोघींना दारात पाहिलं आणि त्याच्या हातातली शिट्टी ओट्यावर पडली.

"विरजण," गिरिजाताई एवढंच म्हणाल्या.

तो खाली बसला. नाकारायचा प्रयत्नसुद्धा त्यानं केला नाही.

"मला वाटलं होतं एका रात्रीनं काय होतंय," तो म्हणाला. "इथं घरात दूध नुसतं गार पडून राहायचं. पाडव्याला श्रीखंड करतो म्हणून मी आईला फोनवर सांगून बसलो होतो. गुरुवारी सगळे गेल्यावर मी डबा चेंबरमध्ये ठेवला आणि काटा बेचाळीसवर नेला. ठेवताना दूध हिंदकळलं. तुझ्या फ्लास्कांवर सांडलं, शरयू. मी घाबरून सगळे बाहेर काढले आणि स्पिरिटनं पुसले. दुधाबरोबर शाईही गेली."

"मग?"

"सहाही सारखेच हिरवे दिसत होते. आपण सगळे शून्य आधी मांडतो, मग प्लस. म्हणून मी तसंच लिहिलं. तू डावखुरी आहेस, तुझं उलटं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्यासारखं अक्षर काढलं, म्हणजे तुला कळू नये."

"आणि सोमवारी?" शरयूचा आवाज तिलाच परका वाटला. "केस्लर मला खोटारडी म्हणाल्या तेव्हा? मी पलीकडच्या खोलीत रात्रभर रडत होते तेव्हा?"

"मला वाटलं, खरंच माझ्यामुळे मेलं. बोललो तर लॅबमधून काढतील. माझी तर दोनच वर्षं झालीत. मला वाटलं, तू हुशार आहेस, तू निभावशील..."

"तू मला चहा आणून देत होतास, अंकुर."

तो आणखी काही बोलला असता तर कदाचित तिनं त्याला मारलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते. दूध कुणाच्याही हातून सांडतं. पण ती समोर बुडत असताना तो काठावर उभा राहून तिला डबा देत होता, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"उद्या सकाळी केस्लरकडे तू जाशील," गिरिजाताई म्हणाल्या. "गेला नाहीस तर आम्ही जाऊ. पण मग ते वेगळं दिसेल."

सकाळी शरयू उठली तेव्हा त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. अंथरूण घडी केलेलं. बॅग नव्हती. ओट्यावरचा स्टीलचा मोठा डबाही नव्हता.

पळाला, तिच्या मनात आलं. आता फक्त जेलचा फोटो उरला. दूध सांडल्याचं कोण सांगणार? केस्लर म्हणतील, लेबलं तूच बदललीस.

६

कॅम्पसची बस कधी नव्हे इतकी रेंगाळत चालली होती. शरयूनं धावत जिना चढून केस्लरच्या खोलीचं दार ढकललं आणि ती थबकली.

अंकुर आत बसला होता. डोळे सुजलेले, बॅग पायाशी. टेबलावर, कागदांच्या मधोमध, तो स्टीलचा डबा होता. केस्लर डब्याकडे अशा पाहत होत्या, जणू तो साक्षीदार आहे आणि आता बोलेल.

"त्यानं सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "डबासुद्धा आणला. मी मागितला नव्हता. तुझा फोटो दाखव."

शरयूनं दाखवला. केस्लरनी तो जवळ धरून एकेक रेघ मोजली. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"म्हणजे हा उष्मा कुणी प्रयोग म्हणून दिलाच नाही. निकाल काय यावा याची देणाऱ्याला पर्वा नव्हती, प्रयोग चाललाय हेच त्याला माहीत नव्हतं. वर लेबलंही उलटी. आणि तरी जे जगायला हवं तेच जगलं." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मुद्दाम करू म्हटलं असतं तरी मला इतका निखळ प्रयोग करता आला नसता. शुक्रवारी कमिटीपुढं हे आधी मांड. आणि शरयू, सोमवारी मी तुला जे बोलले, ते बोलायला नको होतं. माझी चूक झाली."

शरयूनं मान हलवली. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

"अंकुरचं काय?"

"आजपासून तो या लॅबमध्ये नाही. दुसरीकडे कुणी घेतलं तर मी आड येणार नाही; तो स्वतःहून आला, एवढं मी लिहीन."

बाहेर कॉरिडॉरमध्ये अंकुर बॅग खांद्याला लावून उभा होता. डबा छातीशी धरलेला.

"सॉरी," तो म्हणाला. "मला माहितीये, त्यानं काही होत नाही."

"नाही होत," शरयू म्हणाली.

तो वळला. जिन्यापर्यंत गेला. त्याची पाठ पाहताना तिच्या मनात आलं, की रात्रभर जागून हा पळून जाऊ शकला असता, आणि गेला नाही. राग होताच. तो बरेच दिवस राहणार होता. पण रागाच्या आतही काहीतरी तगून होतं, आणि ते तिला नाकारता येईना.

"अंकुर."

तो थांबला.

"शुक्रवारी डिफेन्स आहे. ये."

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "येऊ? खरंच?"

"ये," शरयू म्हणाली. "पण काही करून आणू नकोस."